शहराची चाकरी



‘शहरी शाश्वतता आणि लोकसहभाग : करिअरच्या संधी’ असा भारदस्त विषय संयोजकांनी मला दिला आहे. समोर नुकत्याच परीक्षा दिलेली मुलं आहेत आणि शेजारी पालक. तेव्हा पालकांच्या मनातला प्रश्न आधी घेते. यात पोट भरतं का? भरतं. आयटीएवढं मिळत नाही, पण भरतं. आता काम काय ते सांगते. त्यासाठी कचऱ्यापाशी जावं लागेल.

पुण्यात 1990च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. अक्षरओळखीपेक्षा त्या बायकांना हवा होता चांगला माल. कचरा घरातच वेगळा करून हातात मिळाला, तर कुंडीत वाकायला नको आणि भंगाराला भावही बरा येतो, हा त्यांचा साधा हिशेब. मग 1993मध्ये, कामगारनेते बाबा आढावांच्या पाठबळाने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली.

मला यातला पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. मोर्चे निघालेच, पण 2001मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी एक अभ्यासही झाला. या बायका किती माल उचलतात, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा किती पैसा वाचतो, हे त्यात मांडलं गेलं. जे काम भीक मागण्याच्या पंक्तीला बसवलं जायचं, ते शहराच्या खर्चाच्या हिशेबात आलं. पुढे महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. 2008मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेशी घरोघरच्या कचऱ्याचा करार झाला. घरटी शुल्क आणि भंगाराची विक्री, दोन्ही पैसे त्या बाईचे.

तर मुलांनो, करिअर म्हणतात ते हे. पोतं उचलणाऱ्या बाईला जे ठाऊक आहे, ते फायलीत टिकेल अशा आकड्यात मांडायचं. आणि फायलीतला नियम सोसायटीच्या सभेत, चिडलेल्या सेक्रेटरीसमोर, मराठीत समजावून सांगायचा. त्याला पदवी लागते, चिकाटी त्याहून जास्त लागते. समाजकार्य, नगररचना, पर्यावरण, अर्थशास्त्र, कशातूनही या. फक्त एक्सेल आणि लोकांशी बोलणं, दोन्ही यायला हवं. एकच येणारे पुष्कळ आहेत.

लोकसहभाग म्हणजे सभा घेणं, असा एक समज आहे. पण खरं काम दारोदार होतं. सॅनिटरी पॅडचं उदाहरण घ्या. सुक्या कचऱ्यात कागदाची पुडी आली की आत काय आहे हे बाईला उघडल्याशिवाय कळायचं नाही. उघडायची ती हातानेच, बऱ्याचदा हातमोज्यांशिवाय. उपाय निघाला तो असा : पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. खर्च शून्य. पण तो ठिपका घराघरांत निघायचा, तर कुणीतरी जिने चढून दार वाजवायचं आणि घरातल्या पुरुषासमोरही हा विषय न लाजता काढायचा. याचं प्रशिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात नीट मिळत नाही. वेफरच्या पाकिटाचंही असंच. प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटलेले, वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ते सहसा घेत नाही. ही गोष्ट वर्गीकरणाच्या शेडमध्ये एक सकाळ बसलं की कळते.

नोकऱ्या कुठे, तेही सांगून टाकते : महापालिकांचे सल्लागार, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग, शिवाय 2016च्या घनकचरा नियमांनंतर मोठ्या सोसायट्यांची ओल्या कचऱ्याची कामं. सीएसआरमध्ये जपून. रोप लावतानाचा फोटो फार आणि मे महिन्यात पाणी घालणारा कुणी नाही, असला प्रकार तिथे बराच चालतो.

जूनमध्ये कॉलेज सुरू होण्याआधी एक करा. आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जा. महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवण्याची सोय पुण्यात 2006पासून आहे. ती कधी आणि कशी असते ते विचारा, एक सूचना लेखी द्या आणि तिचं काय होतं याचा वर्षभर पाठपुरावा करा. आणि सभागृहात बसलेल्या संस्थाचालकांना विनंती : या मुलांना ‘अनुभव मिळतोय ना’ म्हणून फुकट राबवू नका. पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन द्या.