आंकड्याचा नाद आणि त्यावर उपाय

(गांवच्या शाळेंत पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



फळ्यावर आम्हीं एक हिशेब मांडला आहे, तो आधीं पाहा. मटक्याचे आंकडे दहा, शून्यापासून नवापर्यंत. दहाही आंकड्यांवर एकेक रुपया लावा. दहा रुपये गेले. एक आंकडा निघणारच, आणि त्यावर धंदेवाला बहुधा रुपयास नऊ देतो. म्हणजे सगळे आंकडे धरणाराही रुपयानें बुडाला! चौथीचें पोर हें गणित सोडवितें. त्याचा बाप टपरीवर चिठ्ठी लिहवितांना तें विसरतो. आणि आंकडा सांगणारा तो बुवा! त्याला उद्यांचा आंकडा खरोखर ठाऊक असता, तर तो तुमच्या नारळाची वाट पाहत कशाला बसला असता?

न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईंत पैजा लागत, त्यांतून १९६० नंतर हा मटका वाढला. पुढें कापूस बाजूला राहिला आणि मडक्यांतून चिठ्ठ्या निघूं लागल्या. आतां तें मडकें खिशांतल्या फोनांत आलें आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ सालीं केंद्रानें कायद्यानें बंदी घातली, हें बरें झालें. पण नाद कायदा वाचून सुटत नाहीं.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमचा चुलतभाऊ फोनवर रमी खेळे. सोयाबीनचे पैसे गेले, तेव्हां रडत आला. आम्हीं पतपेढीचें कर्ज काढून त्याचें देणें फेडलें आणि देवापुढें शपथ घेवविली. मोठे शहाणे आम्ही! तीन महिन्यांत देणें दुप्पट झालें. गेलेलें एका डावांत परत मिळवूं, हाच या रोगाचा ताप. आमची दया त्याला पुढच्या डावाचें भांडवल झाली. एके रात्रीं तो जीव द्यावयास निघाला. भावजय जागी होती म्हणून वांचला.

त्या रात्रीं १४४१६ वर फोन केला. ही टेलि-मानस नांवाची सरकारी सोय आहे. दिवसरात्र, फुकट, मराठींत बोलतात. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व जिल्हा रुग्णालयांतील मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगितलें. जागतिक आरोग्य संघटनाही यास आजारच मानते, हें आम्हांस तेथें कळलें. आम्ही तोंवर त्याला निलाजरा म्हणत होतों.

पुढें बँकेचें पुस्तक भावजयीच्या हातीं आलें. फोनांतली पैसे पाठविण्याची सोय काढली. सगळें देणें, लपविलेलें सुद्धां, एका कागदावर लिहिलें. फेड सावकाराच्या हातीं परस्पर, त्याच्या हातीं रोकड नाहीं. इच्छा उसळली कीं तो घराबाहेर पडतो, आम्हांस फोन करतो. अर्ध्या तासांत ती बहुधा ओसरते. दिवाळींत एकदां घसरला. दुसऱ्या सकाळीं स्वतः येऊन बोलला. कोणी शिवी दिली नाहीं; पुन्हां डॉक्टरांकडे गेलों.

पतपेढीचे हप्ते आम्ही अजून भरतों आहों.

नंबर फळ्यावर राहूं द्या, पोरांना पुसूं देऊं नका. शाळा सुटल्यावर आम्ही व्हरांड्यांत असतों. घरच्या माणसासाठीं एखादी बाई एकटी आली तरी चालेल. वहींत कोणाचें नांव लिहिलें जाणार नाहीं.