मुलांच्या छातीतली गाठ



आज नाजूक विषय आहे. घरी तो कुजबुजत बोलतात. आपण उघड बोलू.

मुलगी ८ ते १३ वर्षांची होते. एके दिवशी ती म्हणते, "आई, इथं गाठ आलीय. हात लावला की दुखतंय." आई घाबरते. तिला वाटते, कॅन्सर तर नाही? मग कोणी लेप सांगतो, कोणी डाग द्यायला सांगतो.

थांबा. बोंडाखाली बटणाएवढी टणक गाठ येणे ही वयात येण्याची खूण आहे. पुष्कळदा ती आधी एकाच बाजूला येते. दुसरी बाजू काही महिन्यांनी भरते. हा रोग नव्हे. हा स्तनाचा कोंब आहे. कोंब खुडला तर कणीस कुठून येणार? म्हणून ही गाठ कापू नये. कापली तर त्या बाजूचा स्तन पुढे नीट वाढत नाही.

मुलग्यांनाही १३-१४ व्या वर्षी अशी गाठ येते. पोरगा सदरा काढायला लाजतो. त्याला हसू नका. बहुतेकांची गाठ दोनेक वर्षांत आपोआप जिरते.

तान्ह्या बाळाची छातीही कधी फुगते. आईच्या अंगातल्या रसाचा तो परिणाम असतो. ती पिळू नका. पिळल्याने पू होतो.

थोरल्या मुलीला कधी गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी गाठ लागते. ती बहुधा साधी असते. तरी डॉक्टरांना दाखवावी. ते हाताने तपासतात. जरूर पडली तर सोनोग्राफी करतात. तिच्यात कापणे नाही, टोचणे नाही. मग काही महिने गाठीवर नजर ठेवतात.

या वयात कॅन्सर फार क्वचित होतो. पण पुढच्या खुणा दिसल्या तर दवाखान्यात लगेच जा. ८ वर्षांच्या आत मुलीची छाती वाढू लागली. गाठ भराभर वाढली. जागा लाल, गरम झाली, ताप आला. बोंडातून रक्त आले. कातडी आत ओढली गेली.

वाट ठाऊक नसेल तर आशाताईंना विचारा. तपासताना आईने मुलीजवळ उभे राहावे. डॉक्टरांना तसे सांगायला लाजू नका.

आणि लेकरू सांगायला आले तर त्याच्यावर ओरडू नका. आधी त्याचे ऐकून घ्या. एकदा ओरडा खाल्लेले लेकरू पुन्हा सांगत नाही.