खासगी कागद आणि कायदा



ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदवहीत सभासदाचे अर्धे आयुष्य उतरलेले असते. कोणी कोणत्या महिन्यात मधुमेहावरचे पुस्तक नेले, कोणी घटस्फोटाच्या कायद्यावरचे, हे तेथे तारीखवार सापडते. सभासदाने ते ग्रंथपालाला कळू दिले, गावाला नव्हे. मग दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेला कागद आपला खासगी राहतो की नाही?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो याच हैदराबाद शहरातून. मुद्रांक कायद्याच्या ७३ व्या कलमाने सरकारी अधिकाऱ्यांच्या ताब्यातील दप्तर तपासण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्याने अधिकृत केलेल्या माणसाला दिली होती. त्यात वावगे काही नव्हते. १९८६ मध्ये आंध्र प्रदेशाने हे कलम बदलले आणि त्याचा हात खासगी जागांपर्यंत पोचवला. अधिकृत माणसाने बँकेत जावे, ग्राहकांचे दस्त चाळावेत, टिपणे घ्यावीत, मुद्रांक अपुरा वाटल्यास दस्त अडकवून ठेवावा. अधिकार देताना कारणे नोंदवण्याचे बंधन नव्हते. हा माणूस कोणत्या दर्जाचा असावा, याविषयीही कायदा मूग गिळून बसला होता.

कॅनरा बँकेने दाद मागितली. उच्च न्यायालयाने कलम रद्द ठरवले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत कायम केले. गोपनीयतेचा हक्क माणसाचा आहे, जागेचा नव्हे. कागद घरातून बँकेत गेला म्हणून त्यावरचे खासगीपण गळून पडत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये नेमके उलटे म्हटले होते. दोनच वर्षांनी तेथील काँग्रेसला बँकखात्यांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्या न्यायालयाने तो इतिहास पाहिला आणि ती वाट नाकारली. सरकारने कागद कधीच पाहू नयेत, असे मात्र या निकालाचे म्हणणे नाही. पाहण्यास सबळ कारण हवे आणि ते लेखी हवे, एवढेच.

या विचाराचे बीज जुने आहे. खरक सिंह खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमतात राहून गोपनीयतेची बाजू घेतली होती. हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे ते पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती. त्यांचे मत खरे ठरायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. फिर्यादी स्वतः निवृत्त न्यायमूर्ती होते, वय नव्वदीच्या पुढचे!

२०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. ग्रंथालयांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा कायदा संगणकीय माहितीला लागू आहे. शाईने लिहिलेली जुनी वही त्याच्या कक्षेबाहेर राहते. मात्र तीच वही संगणकावर उतरवली की कायदा लागू होतो. मग माहिती कशासाठी हवी हे सभासदाला सांगावे लागते, काम संपल्यावर ती पुसावी लागते, चूक असल्यास दुरुस्त करून द्यावी लागते. आणि संमतीसाठी दिलेली सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागण्याचा पर्याय सभासदाला आहे. त्या यादीत मराठी आहे. हैदराबादेत राहणाऱ्या सभासदालाही ती मराठीत मागता येते.