वाफे उकरणारा कुत्रा



मोगलांच्या अमलात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. पेशवाईत गावाला पुन्हा जुनं नाव मिळालं, पण फुलांची हौस तेवढी मागे राहिली. आजही गावातल्या वाड्यात तुळशीजवळ दोन गुलाब असतात, खेड्यातल्या शाळेपुढे झेंडूचा एक तरी वाफा असतो, आणि वाफा आला की त्याच्या मागोमाग कुत्राही येतो. आषाढ-श्रावणात रोपं लावावीत, दसऱ्याला तोरणापुरती फुलं निघतील असा हिशेब धरावा, आणि सकाळी उठून पाहावं तर चार रोपं उताणी पडलेली, मुळं उघडी, आणि मधोमध एक गोल खड्डा! शेजारी नाकाला माती लागलेलं ते एवढंसं जनावर शेपूट हलवीत उभं असतं.

पुढे काय होतं ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. घरात असेल ते हाती घेऊन एकजण धावतो. दुसरा म्हणतो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. तिसरा सुचवतो की याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावं. शाळेच्या बागेत तर शंभर मुलं आणि शंभर दगड असतात. चार आण्यांच्या रोपांपायी मुक्या जिवाला घर सोडावं लागतं, हे मला बरोबर वाटत नाही. आणि ती शेपटाची म्हण निदान या बाबतीत तरी खोटी आहे. कुत्रा उकरतो तो काही कारणाने उकरतो, आणि ते कारण बहुधा खड्ड्यातच लिहिलेलं असतं. म्हणून काठी घेण्याआधी थोडं खाली वाकून खड्डा पाहावा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

खड्डा उथळ आहे, पसरट आहे, कुत्र्याच्या अंगाच्या मापाचा आहे, आणि भिंतीच्या सावलीत किंवा नुकतं पाणी घातलेल्या जागी आहे, असं दिसलं तर तो उकाड्याचा खड्डा समजावा. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो फक्त पावलांच्या तळव्यांना येतो. बाकी सारी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीशीला टेकतो, तेव्हा ओल्या मातीत पोट टेकण्यासारखं सुख त्याला दुसरं नाही. त्यात केसाळ जात असेल, म्हणजे आपण ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतो तो पांढरा स्पिट्झ असेल, तर बघायलाच नको. त्याला मारून काय उपयोग? त्याला सावली द्या, पाण्याचं पसरट भांडं द्या, आणि भिजवून पिळलेलं गोणपाट जमिनीवर अंथरा. बागेला पाणी घालायचं ते पहाटे घाला. दुपारी वाफे ओले ठेवणं म्हणजे त्याला आमंत्रणच.

खड्डा अरुंद आणि खोल असेल, एकाच रेषेत दोन-तीन असतील, तर खाली कोणीतरी राहतं आहे. घूस, उंदीर, नाहीतर मातीतली हुमणी. इथे कुत्रा तुमची चाकरीच करतो आहे, फक्त पद्धत आडदांड आहे. छोट्या कुत्र्यांत हा गुण मोठ्यांपेक्षा जास्त सापडतो, आणि त्याला इतिहास आहे. टेरियर हा शब्द लॅटिनमधल्या जमीन या अर्थाच्या ‘टेरा’वरून आला. बिळात शिरून शिकार बाहेर काढण्यासाठीच ती जात जोपासली गेली. आखूड पायांचा, लांबोडा डाक्सहुंड हाही जर्मनीत बिजूच्या बिळात घुसण्यासाठी तयार केलेला कुत्रा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला उकरण्यासाठी निवडलं, त्याला आपण अंगणात आणून म्हणतो, उकरू नकोस! तेव्हा आधी घुशीचा बंदोबस्त करा. मात्र एक गोष्ट जपा. झिंक फॉस्फाइड घातलेली गोळी किंवा भजं बिळाशी ठेवून कुत्रा मोकळा सोडू नका. घूस मरेल न मरेल, कुत्रा नक्की उकरून खाईल. पिंजरा लावणं बरं.

आता खताकडे येऊ, कारण आपल्या भागात निम्मी भानगड इथेच आहे. गुलाबाला आपण हाडांचा चुरा घालतो. माणसाच्या नाकाला तो फारसा जाणवत नाही, पण कुत्र्याला वाटतं की मालकाने आपल्यासाठी हाड पुरून ठेवलं आहे, आणि तो इमानाने शोधायला लागतो. खड्डा नेमका झाडाच्या आळ्यात असेल तर खत आठवून पाहावं. हाडांच्या चुऱ्याऐवजी चांगलं कुजलेलं, वास मेलेलं शेणखत वापरलं की पुष्कळदा उकरणं आपोआप थांबतं.

एरंडीच्या पेंडीची गोष्ट याहून गंभीर आहे. एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं. ते तेलात उतरत नाही, मागे पेंडीत राहतं. पेंड नीट तापवून निर्विष केलेली नसेल आणि कुत्र्याने ती खाल्ली, तर ओकाऱ्या, रक्ताची हगवण, आणि कधीकधी मृत्यू. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याने फुलझाडांना ही पेंड घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. अनेकांना हे खरं वाटत नाही, कारण आपण द्राक्षाच्या गावचे, आणि एखादा कुत्रा मणी खाऊन ठणठणीत राहिलेलाही आपण पाहिलेला असतो. पण दुसऱ्या एखाद्याचं मूत्रपिंड त्याच मण्यांनी निकामी होतं, आणि कोणाला किती बाधेल ते आधी सांगता येत नाही. जनावर लहान असलं की थोडक्यातही भागतं. तेव्हा गळालेले मणी, खराब घड, बेदाण्याची झाडलोट खत म्हणून वाफ्यात पुरू नका. खाल्लेलं कळलं तर ओकारी सुरू होण्याची वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. कुंपणाला लावलेल्या कण्हेरीचंही तसंच. तिचं मूळ, पान, सारंच विषारी, आणि उकरणारा कुत्रा मुळं चघळतो.

उरला तो रिकामपणाचा खड्डा. त्याला काही नियम नसतो, तो कुठेही असतो. दिवसभर दोरीला बांधलेलं तरुण जनावर सुटलं की अंगातली सारी रग मातीवर काढतं. त्याला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवून आणा. आणि बागेच्या एका कोपऱ्यात, सावलीत, दोन-तीन घमेली वाळू टाकून त्याची अशी एक जागा करा. वाळूत आधी थोडं वर, मग थोडं खोल, भाकरीचा वाळका तुकडा पुरा. कोल्हा आणि लांडगा उरलेलं भक्ष्य पुरून ठेवतात. ही सवय त्याच घराण्यातली आहे, मोडायला जाण्यापेक्षा वळवणं सोपं. वाळूत उकरलं की शाबासकी, वाफ्याकडे वळला की त्याच क्षणी टाळी वाजवून वाळूकडे नेणं, असं काही दिवस न कंटाळता करावं लागतं. शाळेत हे काम दोन शहाण्या मुलांकडे सोपवावं. गुरुजींना धडा निराळा शिकवावा लागणार नाही.

‘त्याच क्षणी’ या शब्दांवर मी जोर देतो. तासाभराने खड्ड्यापाशी ओढत नेऊन, नाक मातीत दाबून मारलेल्या माराचा अर्थ कुत्र्याला लागत नाही. लोक म्हणतात, अहो, त्याला कळतं, कसा कान पाडून अपराध्यासारखा बघतो! अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकेतल्या विदुषींनी 2009 साली हेच तपासून पाहिलं. कुत्र्याने आज्ञा मोडली की नाही याची काही मालकांना मुद्दाम खोटी माहिती दिली. तेव्हा असं दिसलं की ते अपराधी तोंड गुन्ह्यावर अवलंबून नसतं, मालकाच्या रागावण्यावर असतं. काहीच न केलेला कुत्राही रागावल्यावर तसाच बघतो. म्हणजे तो भितो, पश्चात्ताप करीत नाही.

हे जमेपर्यंत वाफ्याचं रक्षण हवंच. भुसभुशीत माती त्याला सर्वांत प्रिय, म्हणून लागवडीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे जपावं. बांबूच्या कामट्यांची हातभर उंचीची तट्टी छोट्या कुत्र्याला पुरते. त्याहून चांगलं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी वाफ्यावर आडवी अंथरून, वर दोन बोटं माती पसरावी आणि भोकं पाडून रोपं लावावीत. नखं तारेला लागली की तो नाद सोडतो. जाळीच्या कडा तेवढ्या आत वळवा, पाय कापता कामा नये. रोपांमध्ये नदीतले गोटे ठेवले तरी चालतं. मिरचीपूड, फिनेल, डांबरगोळ्या मात्र नकोत. मिरची एका पावसात धुऊन जाते आणि तोवर डोळ्यांत जाते. बाकीची दोन्ही पोटात गेली तर विषच.

एका खड्ड्याला मात्र हात लावू नये. गाभण कुत्री अडचणीच्या कोपऱ्यात घाईघाईने उकरू लागली तर ती पिलांसाठी जागा करते आहे. तिचे दिवस साधारण 63, म्हणजे दोन महिने. तिला आडोशाला कोरडी जागा आणि जुनं गोणपाट द्या. ती तिथे गेली तर ठीक, नाही गेली तर तो कोपरा तिचा. पिलं दूध सोडेपर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर झेंडूची रोपं कुंडीत वाढवा.