भिशीतून पाहिलेला समुद्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'समुद्रकाठची सुट्टी' असे उत्तर दिले आणि समोरचे गृहस्थ जरा चपापले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, महागाई भत्त्यावर बोलेल, ठेकेदारीवर बोलेल, अशी त्यांची अटकळ. ती अगदीच खोटी नव्हती. आम्ही शेवटी तेथेच येणार आहोत, पण वाट समुद्रावरून जाते.

मराठवाड्याला समुद्र नाही. आमच्या बरोबरीच्या पुष्कळ कामगारांनी सर्वांत मोठे पाणी पाहिले ते पैठणच्या नाथसागराचे. २००९ साली येथे, क्रांती चौकात, आम्ही एका मागणीसाठी धरण्यावर बसलो होतो. धरण्यात घोषणा थोड्या आणि रिकामा वेळ फार. तिसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना आमच्यातला एक टर्नर, निवृत्तीला आलेला माणूस, सहज म्हणाला, "तीस वर्षं रजा साठवली अन् विकली. थोडी पोरीच्या लग्नात गेली, थोडी घरावरच्या पत्र्यात. रजा घेऊन कुठं फिरायला गेलो, असं एकदाबी झालं नाही." त्यावर कोणी हसले नाही. हिशेब प्रत्येकाचा तोच होता.

त्याच संध्याकाळी भिशी ठरली. सातजण, महिन्याला शंभर रुपये, दहा महिने. म्हणजे सात हजार. एवढ्यात सात माणसांनी समुद्र पाहून यायचे. सहाजण कायम कामगार, सातवा आमच्या ओळखीचा एक हेल्पर पोरगा, ठेकेदाराकडचा. त्याने शंभराची नोट कधी चुकवली नाही. चुकवली ती फिटरने, आणि तोच पुढे सर्वांत जास्त मासे खाऊन आला.

देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून रात्र काढून आम्ही मुंबईस उतरलो. तेथून भाऊचा धक्का, धक्क्यावरून रेवसची लाँच, आणि रेवसहून एस.टी.ने अलिबाग. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी अधिक ऐटबाज, पण आमची भिशी रेवसच्या लाँचेची होती. घरून बांधून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस पुरली. एका नारळी-पोफळीच्या वाडीत खोली मिळाली. सातजण चटयांवर आडवे. रात्री खानावळीत पापलेटाचा भाव ऐकून सर्वांनी एकमताने बांगडा मागवला.

संध्याकाळी समुद्र पाहून टर्नर म्हणाला, "नाथसागरबी असाच दिसतो की!" मग त्याने ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली, तेव्हा त्याची खात्री पटली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो ओहोटी लागलेली, पाणी पार मागे गेलेले, आणि कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत माणसे पायी चाललेली. धरणाच्या गावचा माणूस तो. त्याने गंभीरपणे विचारले, "दारं कुणी उघडली?" आम्ही त्याला सांगितले की समुद्रालाही पाळ्या आहेत. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, पण प्रत्येक पाळी रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा सुरू होते. फिटर म्हणाला, "आपल्याकडं असता तर आतापर्यंत मेमो मिळाला असता."

किल्ला शिवाजी महाराजांच्या काळातला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा. आत गणपतीचे देऊळ आहे आणि भर समुद्रात असून गोड्या पाण्याची विहीर आहे. पण आम्ही खिळलो ते तटावरच्या दोन तोफांपाशी. चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या त्या तोफा विलायतेत, यॉर्कशायरातल्या लो मूरच्या लोखंडी कारखान्यात ओतलेल्या आहेत. टर्नरने तोफेवरून हात फिरवला, जसा जॉबवरून फिरवतो तसा, आणि म्हणाला, "काम चांगलं केलंय. ह्यांना रजा व्हती का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा देता आले नाही. घरी आल्यावर पुस्तके धुंडाळली. त्या काळात त्यांना पगारी रजा नव्हती. यॉर्कशायरच्या शेजारी लँकेशायर परगणा आहे, कापडगिरण्यांचा. तेथे वर्षातून एक आठवडा गावच्या साऱ्या गिरण्या एकदम बंद राहत, आणि सारे गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई. परंतु तो आठवडा बिनपगारी. म्हणून गिरणीकामगार वर्षभर आठवड्याला काही पेनी क्लबात टाकत आणि सुट्टीच्या तोंडावर रक्कम उचलत. म्हणजे आपली भिशीच की! इंग्लंडात पगारी सुट्टीचा कायदा झाला तो १९३८ साली. फ्रान्सात त्याच्या दोन वर्षे आधी, १९३६ च्या मे-जूनमध्ये, कामगार कारखाने अडवून आतच बसले. ब्लुम यांच्या सरकारने वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी कायद्याने दिली, आणि लिओ लाग्रांज नावाच्या तरुण मंत्र्याने रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलतीचे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात लाखो माणसे घराबाहेर पडली. कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. समुद्र तेथे पूर्वीपासून होता, रेल्वेही होती. नव्हती ती रजा.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवली. २०२० च्या नव्या संहितेत ते २४० चे १८० झाले, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कागद चांगला आहे. पण दिवस भरू द्यायचे की नाही, हे ज्याच्या हाती असते त्याला आकडा २४० काय आणि १८० काय.

आता त्या हेल्परविषयी, कारण ते सांगितल्यावाचून हे व्याख्यान म्हणजे नुसती सहल होईल. त्याला रजा नव्हतीच. 'आजी आजारी आहे' असा निरोप पाठवून तो आला होता. यायला कां-कूं करत होता, तेव्हा "चल रे, तीन दिवसांनी काय होतं?" असे त्याला म्हणणारे आम्हीच, कायद्याची कलमे तोंडपाठ असणारे आम्ही! परतल्यावर सोमवारी ठेकेदाराच्या माणसाने गेटवर त्याचा पास काढून घेतला. त्याचे २३१ दिवस भरले होते. आम्ही गेलो, भांडलो, अर्ज केले. रजिस्टरात तो मुळी सलग कामावर होता असे दिसतच नव्हते. दोन महिने तो घरी बसला. मग दुसऱ्या ठेकेदाराकडे लागला, आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून.

आम्ही सातजणांच्या सहलीचा खर्च सात हजार सांगत फिरत होतो. त्याचा दोन महिन्यांचा पगार त्यात धरलेला नव्हता.

पुढच्या वर्षी भिशी पुन्हा सुरू केली. पहिल्याच महिन्यात तो शंभर रुपये घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, पैसे भरतो. पण मी येत नाही. तुम्ही जाऊन या." ती नोट आम्हांला हातात धरवेना. त्या बैठकीत टर्नरने सुचवले की भिशीत दरमहा एक आठवा वाटा घालायचा, सर्वांनी मिळून. ज्याला पगारी रजा नाही त्याचा खाडा त्या वाट्यातून भरून द्यायचा, आणि ज्याचा पास जाईल त्याला काम मिळेपर्यंत शिधा. फिटरने तक्रार केली, पण वाटा भरला.

टर्नर त्यानंतर निवृत्त झाला. भिशीची वही अजून चालू आहे. आठव्या वाट्याचा रकाना तांबड्या शाईने आखलेला असतो. हेल्पर तिसऱ्या वर्षी आला. हरिहरेश्वरला गेलो होतो. सगळे पाण्यात उतरले तरी तो वाळूवर चपला सांभाळत बसला होता. आम्ही हाक मारली तेव्हा त्याने आधी विचारले, "भाऊ, आज वार कोणता?" शनिवार आहे असे सांगितल्यावर चपला तिथेच टाकून तो पाण्याकडे आला.