झाड वाळलं, नोंद कुणाची?



२०१२ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात बीड-जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मोसंबी फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढी वर्षं खुरपणी कुणी केली? आळ्यात हंड्याने पाणी कुणी घातलं? टँकर आला की आधी माणसं, मग जनावरं, उरलंच तर झाडं, हा हिशेबही बाईच करते. स्वतःची अंघोळ ती त्यात धरत नाही.

बाग गेल्यावर पंचनामा होतो, सातबारावरच्या नावाने. त्या वेळी ती आत चहा करत असते. अनुदान सातबारावाल्याच्या खात्यात. म्हणजे कागदावर तिचं काही गेलेलंच नाही! वाळल्या झाडाचं सरपण तेवढं तिच्या डोक्यावर. पुढे दसरा-दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायचं. काम जोडीचं, पण उचल मुकादम त्याच्याच हातात देतो.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती चालवली, तेव्हा गावोगावी बायकांच्या नावावर जमीन झाली होती. आपल्या गटांनी आता पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडावा: सातबारावर बाईचंही नाव लागावं, आणि पंचनाम्याच्या वेळी तिलाही बांधावर बोलवावं.