फुकटे कोणाला म्हणता?
(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला पत्रिकेत विषय दिलाय 'आपले नागरी हक्क'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला पुढारी आहेत, त्यांचा घसाही तयार असतो. मी अडीचशे रुपयांवर बोलणार आहे. स्टेशनच्या पुलावर टीसी पावती फाडतो ना, ते अडीचशे. इथं बसलेल्या निम्म्या पोरांनी ती पावती कधी ना कधी खिशात चुरगाळली असेल आणि घरी दाखवली नसेल. हसू नका. त्या पावतीवरच आपला सगळा कायदा लिहिलेला असतो.

आधी हिशेब करू. मुंबईच्या लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट पाच रुपये. पकडलं तर पाच अधिक अडीचशे. दोनशे पंचावन्न. हे कुठून आलं? रेल्वे कायदा १९८९, कलम १३८. त्यात लिहिलंय की विनातिकीट माणसानं चुकवलेलं भाडं द्यायचं, आणि वर तेवढंच भाडं किंवा अडीचशे रुपये, यातली जी रक्कम जास्त असेल ती. २००४ च्या आधी हा आकडा पन्नासचा होता. आता 'जी जास्त असेल ती' या शब्दांकडे नीट बघा. लांबच्या गाडीत एसी डब्यात एखादा शेठ विनातिकीट सापडला. भाडं दोन हजार. तो दोन हजार अधिक दोन हजार भरणार, म्हंजे दुप्पट. आणि पाच रुपयेवाली आपली बाई भरणार एक्कावन पट. एकच कलम, एकच गुन्हा. श्रीमंताला दोन पट, गरिबाला एक्कावन पट. कायद्यापुढे सगळे समान, असं शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं आठवतंय ना?

त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. माणूस कुठं चढला याबद्दल शंका असली, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लावायचं. मधे कुठं तिकीट तपासलं असेल तर शेवटच्या तपासणीपासून. म्हंजे तुम्ही कुर्ल्याला चढलात आणि गाडी कसाऱ्याहून आलेली असली, तर शंका आली की तुम्ही कसाऱ्याचे. हे वाक्य आजचं नाही, गोऱ्या साहेबाच्या १८९० च्या कायद्यातलं आहे. साहेब गेला, वाक्य राहिलं. मी विचारतो, शंका येते कोणावर? इस्त्रीच्या शर्टावर येत नाही. शंका येते बोचक्यावर, रापलेल्या चेहऱ्यावर, पायातल्या तुटक्या चपलेवर. १८७१ साली याच साहेबानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणूस जन्मला की शंका सुरू. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. फलाटावर बसलेल्या पारध्याच्या बाईला विचारा, तिच्यापुरता रद्द झाला का ते.

कायद्यात खरं तर दोन वेगळी कलमं आहेत, आणि हे तुम्ही पाठ करा. १३७ आहे फसवणुकीचं. रेल्वेला बुडवायच्या हेतूनं प्रवास केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. १३८ आहे नुसतं तिकीट नसण्याचं. तिकीट नाही एवढ्यावरून माणूस लबाड ठरत नाही, हे कायदाच मान्य करतो. तिकीट हरवतं, मशीन बंद पडतं, मोबाइलची बॅटरी मरते. पण पुलावर या दोन कलमांचं एकच होतं. 'चल बाजूला, बॅग दाखव.' अरे-तुरेनंच सुरुवात. तिकिटाची चौकशी नंतर, जातीची आधी. तोंडानं जात विचारत नाहीत, शहरात आता तेवढं सुधारलंय. नजरेनं विचारतात.

आणि दंड नाही भरला तर? मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात. तिथंही भरला नाही तर कैद होऊ शकते, दहा दिवसांपेक्षा कमी नाही, महिन्यापेक्षा जास्त नाही. दोनशे पंचावन्न रुपयांसाठी दहा दिवस. रोजावर जाणाऱ्या माणसाचे दहा दिवस म्हंजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या चाळीमागची एक बाई आहे. केटररकडं रात्रीची भांडी घासते. लग्नाच्या सीझनमधे पहाटेच्या गाडीनं परत येते. एकदा त्या स्टेशनावर खिडकीत माणूस नव्हता, मशीनवर कागद चिकटवलेला. गाडी आली, ती चढली. उतरली तर पुलावर पथक. तिच्याकडं सत्तर रुपये होते. ती म्हणाली, साहेब, आता तिकीट काढते. म्हणाले, आता नाही चालत. पोरगा पैसे घेऊन येईपर्यंत तिला बाकड्यावर बसवून ठेवलं. नऊ वाजले. सकाळची दोन घरची कामं बुडाली, त्यातलं एक घर सुटलंच. दंडाची पावती अडीचशेची होती, पण दंड किती झाला ते त्या पावतीवर नव्हतं. कायद्यात लिहिलंय की गाडीत चढायच्या आधी रेल्वेच्या माणसाला सांगून परवानगीचा दाखला घेतला तर वरचा दंड लागत नाही. लिहिलंय खरं! लोकल थांबते वीस-तीस सेकंद. त्यात बारा-पंधरा डब्यांच्या शेपटाकडं धावायचं, गार्डाला गाठायचं. २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, नाव वाढलं, अंतर कमी नाही झालं. त्याच्याकडून दाखला लिहून घ्यायचा आणि परत डब्यात शिरायचं. असा दाखला घेतलेला एक माणूस कोणी मला आणून दाखवावा, मी त्याचा सत्कार करीन.

२०२४ साली पश्चिम रेल्वेनं रात्रीच्या तपासणी पथकाचं नाव ठेवलं 'बॅटमॅन'. सिनेमातला तो वटवाघूळ रात्री चोर पकडतो. आपल्या शहरात रात्रीच्या गाडीत कोण असतं? सफाईवाला, वॉचमन, वेटर, हॉस्पिटलची आया.

आता २०२० आठवा. जूनमधे लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. खिडकीवर ओळखपत्र दाखवल्याशिवाय तिकीटच देत नव्हते. गटारात उतरणारा आपला माणूस त्या यादीत होता, कारण शहराचा मैला आपोआप वाहत नाही. पण धुणीभांडी करणारी बाई यादीत नव्हती, नाक्यावरचा बिगारी नव्हता. त्यांच्या मुठीत पैसे होते, ते खिडकीपुढं उभे होते, रेल्वेनं तिकीट द्यायला नकार दिला. मग पोटासाठी चढले आणि पकडले गेले. कशात? विनातिकीट प्रवासात. तिकीट विकायचं नाही आणि तिकीट नाही म्हणून दंड करायचा. विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही आणि म्हणायचं, हे लोक घाणेरडे, अंघोळ करत नाहीत. तीच चाल आहे, रुळावर आणलेली.

आता मूळ शब्दाकडं येतो. फुकटे.

दर वर्षी ६ डिसेंबर आला की हा शब्द शहरात हिंडायला लागतो. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं चैत्यभूमीला येतात. रेल्वे नागपूरहून जादा गाड्या सोडते, बिनआरक्षित. तरी माणसं मावत नाहीत. आणि दादरच्या पुलावर एखादा पांढरपेशा नाकाला रुमाल लावून म्हणतो, सगळे फुकटे आलेत. त्यानं एकाचंही तिकीट बघितलेलं नसतं. हजारो माणसं खिडकीवर रांग लावून तिकीट काढून येतात, भाकरी बांधून येतात, पुस्तकं विकत घेऊन जातात. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२० साली काढून घेतली, तरी सत्तरीच्या म्हाताऱ्या पूर्ण भाडं भरून आल्या. पण शंका कपड्यावरून येते, हे मघाशी सांगितलंच. २०२५ च्या कुंभमेळ्याच्या वेळी बिहारमधे गाडीच्या काचा फोडून माणसं एसी डब्यात घुसली. त्याला श्रद्धेचा महापूर म्हणाले. मला त्या गरीब यात्रेकरूंवर राग नाही, त्यांनाही कोणी धड गाडी दिली नव्हती. राग आहे तो शब्दांच्या वाटपावर. त्यांना श्रद्धा, आम्हाला फुकटेपणा. खासदाराला एसी फर्स्ट क्लासचा पास, माजी खासदारालाही पास, आणि त्याला म्हणायचं सवलत.

मसूर स्टेशन लक्षात ठेवा. १९०१ च्या सुमाराला बाबासाहेब, त्यांचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले आणि मसूरला उतरले. चांगले कपडे घातलेली पोरं. तिकीट होतं, भाडं भरलेलं होतं. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं विचारपूस केली. महार आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला, आणि मग गाडीवान मिळेना, पाणी मिळेना. तिकीट होतं, मित्रांनो. तिकिटानं माणूसपण मिळत असतं तर ते त्या दिवशी मसूरला मिळालं असतं.

म्हणूनच आपल्यातले काही दोस्त म्हणतात, मग तिकीट काढायचंच कशाला? हा वाद मी मुद्दाम व्यासपीठावर आणतोय, कारण तो चहाच्या टपरीवर रोज चालतो. ते म्हणतात, रूळ आपल्या बापजाद्यांनी टाकले, खडी आपल्या आयांनी उचलली, गाडी आपलीच. त्यातला पहिला भाग खरा आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेब तिथंच बोलले. आणि हेही सांगितलं की आपला माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि तिथं विटाळ होतो. रुळाला विटाळ नाही, घराला विटाळ.

पण यातून 'तिकीट काढू नका' निघत नाही. संडासात लपून केलेला प्रवास हा सत्याग्रह नव्हे. महाडला आपण रात्री चोरून पाणी प्यायला गेलो नव्हतो, दिवसाढवळ्या गेलो होतो. ६ डिसेंबरला मोफत गाडी पाहिजे असेल तर मोर्चा काढून मागा, निवेदनावर सह्या घ्या, मी पहिला सही करतो. आणि टीसीशी हाणामारी करून मर्दुमकी दाखवू नका. त्याच्या डोक्यावर वसुलीचं टार्गेट असतं. तो कित्येकदा आपलाच, राखीव जागेवर लागलेला पोरगा असतो. त्याच्या कॉलरला हात घातलात तर खटला तुमच्यावर, आणि टार्गेट ठरवणारा साहेब एसी केबिनमधे सुखरूप.

तिकीट का काढायचं याचं माझं कारण वेगळं आहे, आणि ते नीतीचं नाही. या शहरात लोकलमधून माणसं पडतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. माणूस गाडीतून पडून मेला तर कलम १२४-अ खाली भरपाई मिळते, २०१७ पासून आठ लाख. पण कोणाला? तिकीट असलेल्या प्रवाशाला. आणि पडलेल्या माणसाच्या खिशातलं तिकीट कुठं राहतं? रक्तानं भिजतं, उडून जातं, पाकीट चोरीला जातं. रेल्वे ट्रायब्युनलमधे म्हणते, तिकीट सापडलं नाही, म्हंजे तो प्रवासीच नव्हता. मेल्यावरसुद्धा फुकट्या. त्याच्या विधवेनं काय करायचं? ९ मे २०१८ ला सुप्रीम कोर्टानं रीना देवीच्या खटल्यात सांगितलंय की प्रेताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र करून माहिती द्यावी, मग नाही सिद्ध करायचं ओझं रेल्वेवर. हा निकाल वस्तीतल्या प्रत्येक घरात माहीत पाहिजे. हळदीकुंकवाची पत्रकं वाटता, तसा वाटा. आणि पास काढलात की त्याचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. अभद्र वाटेल, पण लिहा.

शेवटचं कलम सांगतो, ५७. रेल्वेनं प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती माणसं न्यायची ते ठरवावं आणि तो आकडा डब्यावर लावावा. कायदा तोच, १९८९ चा. लोकलच्या डब्यात बसायच्या जागांचा आकडा असतो. गर्दीच्या वेळी त्या डब्यात एका चौरस मीटरवर चौदा-चौदा, सोळा-सोळा माणसं कोंबलेली असतात, खुद्द रेल्वेनंच त्याला इंग्रजीत नाव दिलंय, 'सुपर डेन्स क्रश लोड'. रोज सकाळी ५७ चा मुडदा पडतो. त्याची पावती कोण फाडतो? तिकीट नसलेल्या माणसाला पकडायला पूल अडवून 'किल्लाबंदी' करतात, हा त्यांचाच शब्द. २०२२ च्या ऑगस्टमधे साध्या लोकलच्या जागी एसी लोकल घातल्या म्हणून कळवा आणि बदलापूरला लोक रुळावर उतरले. साधी गाडी गेली, पुढच्या गाडीत दुप्पट गर्दी झाली, आणि सेकंड क्लासचं तिकीट असलेला माणूस ढकलाढकलीत फर्स्ट क्लासच्या दारात लटकला तर त्यालाही फरक अधिक अडीचशे.

इंग्लंडमधेही दंड आहे, आणि आपल्यापेक्षा कडक, २०२३ पासून शंभर पौंड. पण तिथं त्या दंडाविरुद्ध स्वतंत्र अपील करता येतं. आणि ऑगस्ट २०२४ मधे लंडनच्या कोर्टानं रेल्वे कंपन्यांनी चुकीच्या पद्धतीनं चालवलेले सुमारे चौऱ्याहत्तर हजार खटले एका फटक्यात रद्द ठरवले. तिथली माणसं काही देवमाणसं नाहीत. कोणीतरी कागद जमवले, म्हणून झालं. आपल्याकडं पावती मिळते आणि प्रकरण संपतं, कारण पावती आपण चुरगाळतो.

तर मी एक वही आणलीय. ज्याला दंड झाला त्यानं येऊन लिहायचं. तारीख, स्टेशन, किती घेतले, पावती दिली का, कुठलं कलम लावलं, खिडकी उघडी होती का, मशीन चालू होतं का, काय बोलले, अरे म्हणाले की अहो. पावती न देता पैसे मागितले तर तेही. सहा महिने वही भरू, मग ती घेऊन डिव्हिजनच्या साहेबाकडं जाऊ आणि ५७ बद्दल विचारू. आणि ५ डिसेंबरच्या रात्री दादरला दहा-बारा पोरं पाहिजेत. बाहेरगावची म्हातारी माणसं पुलावर अडवली जातात, त्यांना ना खिडकी सापडते ना बोलता येतं. त्यांच्याबरोबर उभं राहायचं. भांडायचं नाही, शेजारी उभं राहायचं, कलम विचारायचं, पावती मागायची.

वही पुढच्या रांगेपासून फिरवतोय. नावं लिहा. पेन परत द्या.

जयभीम.